आधी टेप लावा, मग भांडा

सुरतच्या गोडादऱ्यात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात, मग ती चहाची लारी असो की सोसायटीची मीटिंग. एक पार्टी म्हणते, आधीच रस्ता पुरत नाही, त्यात ही नाटकं कशाला? दुसरी म्हणते, अडाजण-वेसूकडे सगळं होतं, आपल्याकडेच का नाही? तेवढ्यात मागून कुणीतरी अण्णा विचारतात, “आते सायकल कोन चालाडस रे भो?” सगळे हसतात, चहाचे पैसे देतात आणि आपापल्या मोपेडला किक मारून निघून जातात.

माझं सांगणं दोन्ही पार्ट्यांना आहे, आणि अण्णांना तर खासच आहे. आपल्या मोठ्या रस्त्यांवर ट्रॅक व्हावा असं माझं मत आहे, ते लपवत नाही. पण तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, आधी रस्त्यावर उतरा, बघा, मोजा आणि मग बोला. आजवर या विषयावर जेवढं भांडण ऐकलं, त्यात हातात टेप घेतलेला माणूस मला दिसलेला नाही.

अण्णांपासून सुरुवात करू. सायकल कोण चालवतं हे बघायचं तर सकाळी दहाला बघून उपयोग नाही. त्या वेळी रस्त्यावर मोपेड आणि रिक्षाच दिसणार. सकाळी किंवा संध्याकाळी सातच्या आसपास महाराणा प्रताप चौकाकडे जा, नाहीतर डिंडोलीकडून येणाऱ्या रस्त्याला उभे राहा. लूमखात्यांत पाळी बदलण्याची हीच वेळ. बारा तास उभ्याने काम केलेला माणूस घरी निघालेला असतो, त्याच्या जागेवर दुसरा चाललेला असतो. हँडलला डब्याची पिशवी, मागच्या कॅरियरला जुन्या ट्यूबचा पट्टा, पुढे दिवा नाही, मागे रिफ्लेक्टर नाही. धुळे-नंदुरबारचा असेल, ओडिशाचा असेल, उत्तर प्रदेशाचा असेल. तो सोसायटीच्या मीटिंगला येत नाही, कारण मीटिंग असते तेव्हा तो खात्यात असतो किंवा झोपलेला असतो. मग आपण ठरवून टाकतो की सायकलवाले उरलेच नाहीत.

दुसऱ्या आहेत आपल्याच मुली. सरस्वती साधना योजनेत राज्य सरकार नववीतल्या पात्र मुलींना सायकल देतं. सायकल घरी येते, पहिले पंधरा दिवस शेजारीपाजारी बघायला येतात, आणि मग ती जिन्याखाली उभी राहते. आई म्हणते, “मेन रोडवरून नको जाऊस, टेम्पो फार येतात.” मग बापाचा अर्धा तास तिला मोपेडवर शाळेत सोडण्यात जातो, आणि शाळेच्या फाटकाशी तशाच शंभर बापांची गर्दी होते. त्या आईचं काही चुकत नाही. केंद्राच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७, पायी चालणारी ३२,८२५ आणि सायकलवरची ४,८३६. म्हणजे जाणाऱ्यांत निम्म्याहून खूप जास्त माणसं अशी, ज्यांच्याभोवती पत्रा नव्हता. गोडादऱ्यात पत्र्याच्या आत बसून फिरणारे किती आणि बाहेर किती, हे सांगायला अहवाल लागत नाही.

आता टेप काढा. आपल्याकडचे मोठे रस्ते नगररचनेच्या टीपी स्कीममधून आले आहेत. १८ मीटर, २४ मीटर, ३० मीटर अशी त्यांची मापं असतात. समजा रस्ता २४ मीटरचा आहे. मधला डिव्हायडर १ मीटर धरा. एका बाजूला उरले साडेअकरा मीटर. गाड्या चालायला सव्वातीन-सव्वातीन मीटरच्या दोन लेन द्या, साडेसहा गेले. उरले पाच. त्यात दोन मीटर फुटपाथ, दोन मीटर सायकल ट्रॅक, आणि एक मीटर झाड, खांब, विजेची डीपी आणि कचऱ्याच्या डब्याला. हिशेब बसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातही फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे.

मग आज हे पाच मीटर गेले कुठे? दुकानाच्या पायरीपासून सुरू करा. पहिली पायरी, मग ओटा, ओट्यापुढे दुकानाचा उभा बोर्ड आणि पुतळ्यांना नेसवलेल्या साड्या. त्यापुढे ग्राहकांच्या आणि खुद्द दुकानदाराच्या मोपेड, रस्त्याकडे शेपटी करून ओळीने लावलेल्या. त्यांना लागून पाणीपुरीची लारी, लारीपुढे खाणारे, खाणाऱ्यांच्या मागे सवारीसाठी थांबलेली रिक्षा. तिच्यापुढे, जिथे टेम्पो आणि सिटी बस धावतात तिथे, आपला सायकलवाला. अॅक्टिवाची लांबी साधारण १.८ मीटर असते. उभी लावली की ती सायकल ट्रॅकला लागते तेवढीच जागा खाते. माझं म्हणणं खोटं वाटत असेल तर टेप धरून बघा. ट्रॅकसाठी चालत्या गाड्यांची लेन काढायची गरज बहुतेक ठिकाणी पडत नाही. ती जागा उभ्या गाड्यांखाली आहे.

म्हणून ट्रॅकच्या बाजूने बोलणाऱ्यांना माझी विनंती आहे, की कुणाचं काही जाणार नाही असं सांगू नका. जाणार आहे. दारासमोरचं फुकटचं पार्किंग जाणार आहे. खरं भांडण तिथेच आहे आणि ते उघडपणे झालेलं बरं. दुकानदाराला वाटतं, दारात मोपेड लागली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. ही भीती पोटाची आहे, तिला हसू नये. पण ती तपासून बघता येते. कॅनडात टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २००९ साली असाच वाद होता. तिथे गिऱ्हाइकांनाच विचारलं तेव्हा कळलं की गाडीने येणारे दहात जेमतेम एक होते. दुकानदारांना मात्र ते कितीतरी जास्त वाटत होते. टोरांटो म्हणजे गोडादरा नाही, हे मला कळतं. आपल्याकडे गिऱ्हाईक मोपेडवर येतं, आणि ब्लाउजपीस घ्यायला येणारी बाई चालत येते. म्हणून टोरांटोचा आकडा आपल्याला लावू नका, त्यांची रीत लावा. एक आठवडा प्रत्येक दुकानदाराने गल्ल्यावर वही ठेवावी. गिऱ्हाईक कशावरून आलं, किती वेळ थांबलं, एवढंच लिहायचं. आणि दारातल्या मोपेडींत स्वतःची, भावाची आणि नोकराची मोपेड किती, तेही प्रामाणिकपणे मोजायचं. दिवसभर जागा अडवून ठेवणारी मोपेड बहुधा गिऱ्हाइकाची नसते.

मोपेड लावायला जागा मागायचीच आहे तर मागा, ट्रॅकबरोबरच मागा. बाजूच्या गल्लीत एकाच बाजूला लावायची सोय, मनपाच्या रिकाम्या प्लॉटवर पे अँड पार्क, मालाचा टेम्पो रिकामा करायला ठरलेली वेळ. ट्रॅक आधी, पार्किंगचं नंतर बघू, असं झोन ऑफिसने सांगितलं तर त्याला विरोध करणं अगदी रास्त आहे.

आता रंगाच्या पट्ट्याबद्दल. डांबरावर एक हिरवा पट्टा, त्यावर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र, नेत्यांचा फोटो, आणि तिसऱ्या दिवशी त्यावर उभी असलेली कार. असा ट्रॅक देत असतील तर घेऊ नका. खरंच घेऊ नका. तो नसलेला परवडला, कारण पुढची दहा वर्षं त्याच्याकडे बोट दाखवून सांगतील की केला होता, कुणी वापरला नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एवढ्या कचेऱ्यांच्या मध्ये सायकल ट्रॅक केला. तो धड वापरात आलाच नाही, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, आणि अखेर एमएमआरडीएने तो काढून जागा गाड्यांच्या रस्त्याला द्यायचं ठरवलं. पुण्यासारख्या सायकलींच्या शहराने २०१७ साली अख्खा सायकल आराखडा मंजूर केला, आणि आजही तिथले ट्रॅक मध्येच सुरू होऊन मध्येच संपतात. आपल्या सुरतचंही सांगायला हवं. केंद्राच्या सायकल्स फॉर चेंज स्पर्धेत २०२१ साली निवडलेल्या अकरा शहरांत सुरत होतं. नागपूर आणि पिंपरी-चिंचवडही होतं. निवडलेल्या प्रत्येक शहराला एक कोटी रुपये जाहीर झाले. बक्षीस चांगलंच आहे, पण त्या बक्षिसाची हवा डिंडोली-गोडादऱ्याच्या पाळीवाल्याला कितपत लागली, हे त्यालाच विचारा.

स्पेनच्या सेव्हिल शहरात उलट झालं. तिथे २००६ नंतर थोड्याच काळात सुमारे ८० किलोमीटर ट्रॅक एकमेकांना जोडून केला, उंच कठडा घालून केला, आणि त्यासाठी सुमारे ५,००० गाड्यांचं पार्किंग काढलं. लोक ओरडले. मग सायकलवाले अनेक पटींनी वाढले. त्यातून घेण्यासारखी गोष्ट एकच, की अर्ध्या किलोमीटरचा नमुना करून काही कळत नाही. घर ते खातं, घर ते शाळा, एवढा पूर्ण जोडलेला असेल तरच तो ट्रॅक.

मोपेडवाल्यांच्या आक्षेपात मला सगळ्यात जास्त तथ्य वाटतं, आणि गंमत म्हणजे तो आक्षेप मोपेडवालेच हसत हसत घेतात: “ट्रॅक करा की, आम्हालाच राँग साइड जायला होईल.” बरोबर आहे. कारला अडवायला खांब लावता येतात. पण अॅक्टिवाच्या हँडलची रुंदी आणि सायकलच्या हँडलची रुंदी जवळजवळ सारखीच. सायकल जाईल आणि मोपेड अडेल असा खांब बसवणं सोपं नाही. बीआरटीएसचा कॉरिडॉर जानेवारी २०१४ पासून आपल्या शहरात आहे, आणि त्यात घुसणारे कोण असतात ते आपण रोज बघतो.

पण माणूस राँग साइड का जातो, हेही एकदा विचारा. सगळे काही उर्मट नसतात. सोसायटीच्या तोंडातून बाहेर पडलं की समोरच्या बाजूला जायला डिव्हायडरचा कट पार लांब असतो, आणि कटवर गेलं तरी तिथे वळायला जागा नसते. मग तो शंभर मीटर उलटा जातो. म्हणून ट्रॅकच्या नकाशात तुम्ही पहिली नजर ट्रॅकवर टाकू नका. कट कुठे आहेत, झेब्रा कुठे आहेत, बाई पोराला घेऊन कुठून ओलांडणार, ते बघा. कट बरोबर असतील तर निम्मी राँग साइड आपोआप जाईल. उरलेल्यांना दंडच करावा लागेल. पोलिसांनी हेल्मेटसाठी दंड सुरू केल्यावर सुरतच्या डोक्यांवर हेल्मेट दिसू लागलंच की.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी आहेत. नकाशात त्या दिसत नाहीत, चालवणाऱ्याच्या कंबरेला कळतात. ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक नकोत, डांबर हवं. ब्लॉक पहिल्या पावसात खचतात आणि डबा सांडतो. प्रत्येक सोसायटीच्या गेटसमोर ट्रॅक खाली उतरून परत वर चढत असेल तर कुणी त्यावरून जाणार नाही. ट्रॅकची उंची तशीच राहू द्या, गाडीला चढून जाऊ दे. पावसाळी गटाराच्या जाळीचे गज सायकलच्या दिशेने असतील तर चाक आत बसतं आणि माणूस तोंडावर पडतो, गज आडवे हवेत. आणि आपल्या भागात पाण्याचा प्रश्न सगळ्यांच्या आधी येतो. लिंबायत, पर्वत पाटिया, गोडादरा या पट्ट्याला खाडीच्या पुराची सवय आहे. ट्रॅकचा कठडा घातला आणि रस्त्याचं पाणी गटारात जायला वाट ठेवली नाही, तर ते दुकानांत आणि खालच्या रो-हाऊसमध्ये शिरणार. कठड्याला किती अंतरावर फटी आहेत, हे इंजिनिअरला विचारा. उत्तर नसेल तर नकाशा परत पाठवा.

एक गोष्ट तरुणांना माहीत नसेल म्हणून सांगतो. १९९४च्या सप्टेंबरात इथे प्लेग आला, तेव्हा निम्मं सुरत बिस्तरा बांधून गावाला गेलं. खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांना माणसं लटकलेली होती. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी साहेबांना रोज सकाळी एसी केबिनमधून बाहेर काढून गल्लीत उभं केलं, आणि रस्ते रुंद करताना दबाण, म्हणजे अतिक्रमण, काढायला सुरुवात केली ती वजनदार माणसांपासून. म्हणून गरिबांनीही मग स्वतःहून ओटे मागे घेतले. तेव्हाही रस्ता कुणाच्या बापाचा, याच्यावर गरमागरमी झाली होतीच. आज ट्रॅकसाठी दबाण काढायचं तर मोठ्या शोरूमच्या रॅम्पपासून काढावं, पाणीपुरीवाल्यापासून नाही. हे मी फक्त दया म्हणून सांगत नाही. २०१४च्या फेरीवाला कायद्याने त्याला हक्क दिला आहे, त्याला पर्यायी जागा दाखवायची जबाबदारी मनपाची आहे. शिवाय पाळी सुटल्यावर सायकलवाला खातो तो त्याच्याच लारीवर. ट्रॅक आणि लारी एकमेकांचे शत्रू नाहीत. लारीला ठरलेली जागा द्या, फुटपाथच्या कडेला झाडांच्या ओळीत बसते ती.

सगळीकडे ट्रॅक हवा असंही नाही. सोसायट्यांमधले ९ मीटरचे, १२ मीटरचे रस्ते जसे आहेत तसे राहू देत. तिथे नीट रंगवलेले स्पीड ब्रेकर आणि उजेड पुरे. १८ मीटरच्या रस्त्यावरही मी हट्ट धरणार नाही, तिथे आधी सलग फुटपाथ मिळाला तरी खूप झालं. मगोब-सारोलीकडे मेट्रोचं काम चालू आहे, तिथल्या पत्र्यांमुळे आत्ताच गाड्या आपल्या रस्त्यांवर वळतात. ते काम संपेपर्यंत कुठला रस्ता हाती घ्यायचा आणि कुठला नाही, याचा क्रम लावायला हवा. घाईने सगळीकडे एकदम खोदलं तर ट्रॅकचं नाव कायमचं बदनाम होईल.

आता करायचं काय? आपल्या वॉर्डात चार नगरसेवक आहेत. एकाला नाही, चौघांना भेटा, आणि बाजूचे-विरोधातले दोघं मिळून भेटा. बैठक मागा, पण दुपारी तीनची नको. रात्री साडेआठनंतरची मागा, म्हणजे दिवसपाळीवाला जेवून येईल. आणि रातपाळीवाल्यासाठी दुसरी बैठक सकाळी. खात्याच्या दारात दहा मिनिटांची झाली तरी चालेल. घरी बसून साड्यांना लेस आणि टिकी लावणाऱ्या बायकांना बोलवा. माल पोचवायला, पोरांना शाळेत सोडायला आणि भाजी आणायला सगळ्यात जास्त पायपीट त्यांचीच होते, आणि रस्त्यावर कुठे ओलांडता येत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. शाळांनाही विचारा. मनपाच्या मराठी शाळेतल्या बाईंना विचारलं तर कुठली मुलगी कुठून येते ते त्या तोंडपाठ सांगतील.

नकाशा तोंडी ऐकून समाधान मानू नका. रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे कुठल्या गोष्टीला किती मीटर, हे कागदावर मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. गुजरातमध्ये फी २० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विरोध करायचा असेल तर तोही याच कागदावर करा. “आम्हाला ट्रॅक नको” एवढंच लिहिलं तर साहेब तो अर्ज फाइलला लावून विसरतील. पण “या ठिकाणी रस्ता नकाशात २४ मीटर दाखवला आहे, प्रत्यक्षात डीपी आणि मंदिराच्या ओट्यामुळे एवढाच भरतो, इथे ट्रॅक कसा बसवणार?” असं लिहिलं, तर त्यांना टेप घेऊन यावंच लागेल.

अर्जाचं एक लक्षात ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा राज्याच्या भाषेत करता येतो, म्हणजे इथे गुजरातीत. मराठीत लिहिला तर परत येईल. तीस-तीस वर्षं सुरतमध्ये राहून आपल्यातल्या पुष्कळांना गुजराती बोलता येतं, लिहिता येत नाही, आणि केवळ त्यामुळे कितीतरी अर्ज खिशातच राहिले आहेत. गुजराती शाळेत जाणारी नववी-दहावीची पोरं प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या पोरांतली एखादी, जिची सायकल जिन्याखाली उभी आहे, ती तर अर्ज लिहिता लिहिता दोन मुद्दे स्वतःचेही घालेल. ते खोडू नका.